कॉलेजांतील पहिलें सत्र

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या कचेरींत आठ-पंधरा दिवस मोठी धांदल उडते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व त्या सर्वांच्या प्रती यांतच विद्यार्थी व पालक गढून गेलेले असतात. कोणती शाखा घ्यावी, कोणतें कॉलेज बरें, याचा खल घरोघर चालतो. एकदां प्रवेश मिळाला कीं सर्वांस हायसें वाटतें, आणि मुलाचें सामान वसतिगृहाच्या खोलींत लावून देऊन पालक घरीं परततात. पुढील चार-सहा महिन्यांत त्या मुलावर काय काय गुदरणार आहे, याचा विचार मात्र प्रवेशाच्या धामधुमींत बहुधा राहून जातो. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, जे थोडे विद्यार्थी कॉलेज अर्धवट सोडून येतात, त्यांतील बरेच जण पहिलें सत्र पुरें होण्याच्या आंतच येतात. आणि कारण विचारलें असतां अमुक विषय अवघड गेला असें न सांगतां, "तें माझ्याच्यानें होणें नाहीं," एवढेंच सांगतात. ह्या उत्तराच्या पोटांत काय दडलें आहे तें उलगडून पाहावें, आणि जे यंदा जाणार आहेत त्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस उपयोगी पडेल अशी कांहीं माहिती द्यावी, असा आमचा हेतु आहे.

प्रथम एक सर्वश्रुत उदाहरण घेऊं. महात्मा गांधी १८८७ सालीं मॅट्रिक झाले व १८८८ च्या जानेवारींत भावनगरच्या सामळदास कॉलेजांत दाखल झाले. तेथील अध्यापक नांवाजलेले होते. परंतु त्यांचीं व्याख्यानें ह्या नवख्या विद्यार्थ्याच्या डोक्यांत शिरेनात, सगळेंच कठीण वाटूं लागलें, आणि पहिलें सत्र संपतांच ते घरीं परत आले. ही हकीकत त्यांनीं आपल्या आत्मकथेंत कांहीं एक आडपडदा न ठेवितां सांगितली आहे. तोच विद्यार्थी त्याच वर्षीं विलायतेस गेला. तेथें लंडनच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेंत पहिल्या खेपेस लॅटिनमध्यें नापास झाला, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला, आणि १८९१ च्या जूनमध्यें बॅरिस्टर झाला. भावनगरास जी बुद्धि होती तीच लंडनास होती. तेव्हां पहिल्या सत्रांतील गोंधळावरून "मला बुद्धीच नाहीं" असा निकाल स्वतःच देऊन मोकळें होणें म्हणजे नवी वहाण चावते म्हणून पायच अधू आहे असें म्हणण्यासारखें होय. नवखेपणा निराळा आणि असमर्थता निराळी. पहिला चार महिन्यांत ओसरतो. दुसरी आहे कीं नाहीं, हें तो ओसरल्यावांचून कळतच नाहीं.

आतां हा नवखेपणा कशाचा, तें पाहूं. शाळेंत घंटा होते. घंटेबरोबर विषय बदलतो, मास्तर बदलतात, वही तपासली जाते, न आलेल्या मुलाच्या घरीं निरोप जातो. आमच्या बोर्डिंगांत राहिलेल्या मुलांस तर उठण्याची, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची व निजण्याची घंटा परिचयाची असते. लोकांचा असा समज आहे कीं बोर्डिंगांतील मुलांस कॉलेजचें वसतिगृह सोपें जात असावें. आपलें अंथरूण आपण घालणें, दहा जणांत निजणें, ह्या गोष्टी त्यांस जड जात नाहींत हें खरें. परंतु घंटा नाहींशी झाली कीं हींच मुलें कधीं कधीं घरून आलेल्या मुलांहून अधिक गडबडून जातात. कारण आजवर त्यांचें घड्याळ दुसऱ्याच्या हातांत होतें. कॉलेजांत सकाळीं उठला नाहीं म्हणून कोणी रागावत नाहीं, जेवला नाहीं म्हणून कोणी विचारीत नाहीं, आणि वर्गांत नसला तर हजेरीपटावरील एका खुणेपलीकडे कांहीं घडत नाहीं. ही मोकळीक पहिले आठ दिवस फार गोड लागते.

पण ह्या सर्वांच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो विद्येचा नसून अन्नाचा आहे. आमच्या इकडील शिक्षणाचा इतिहास पाहिला तर हें स्पष्ट दिसतें. पूर्वीं पुण्यास शिकावयास येणारा गरीब विद्यार्थी माधुकरी मागे, किंवा वार लावून जेवी. म्हणजे सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे सात वार सात घरीं नेमून घेई. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशीं उपास घडे. ही सोयदेखील कांहीं जातींच्याच मुलांस मिळे. खेड्यांतील शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरच्या मुलास शहरांत कोणाच्या ओसरीवर पाटच मांडला जात नसे. शाळेचें दार उघडें असलें तरी रात्रीं पाठ टेकण्यास जागा नाहीं व दुपारीं भाकरीची सोय नाहीं, म्हणून हा मोठा वर्ग शिक्षणाबाहेर राहतो, हें ओळखून राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढण्यास साहाय्य केलें, आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांचीं अनेक वसतिगृहें तेथें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं एकत्र वसतिगृह चालू केलें. तेथील मुलांच्या जेवणासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपल्या अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें. व्याख्यानें, पुस्तकें, परीक्षा हें सर्व ज्या पायावर उभें आहे तो पाया त्या माउलीनें ओळखला होता.

आजहि स्थिति फार निराळी नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०२४-२५ पासून, ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा ठराविक प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, ही उत्तम गोष्ट झाली. परंतु फी माफ झाली तरी खानावळीचें बिल माफ होत नाहीं. कॉलेजच्या फीची तजवीज पालक वर्षभर आधींपासून करतात. खोलीभाडें, जेवण, दिवा-पाणी व जाणें-येणें यांचा हिशेब मात्र पुष्कळदां मुलगा शहरांत पोंचल्यावर मांडला जातो. ज्यांस शासकीय वसतिगृहांत जागा मिळत नाहीं अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर कांहीं विद्यार्थ्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ह्या योजनांची रक्कम हातीं पडण्यास विलंब लागतो, म्हणून अर्ज प्रवेशाबरोबरच करावा, आणि निदान पहिल्या तीन-चार महिन्यांच्या जेवणाची तरतूद निराळी असावी, असें आम्ही आग्रहानें सांगूं इच्छितों.

खानावळ, किंवा आजच्या मुलांच्या भाषेंत मेस, ही कशी चालते हें नवीन विद्यार्थ्यास ठाऊक नसतें. म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. एक प्रकार बाहेरच्या खानावळींचा. तेथें महिन्याचे पैसे आगाऊ भरावयाचे व दोन वेळां जेवावयाचें, अथवा डबा खोलीवर मागवावयाचा. दुसरा प्रकार वसतिगृहांतील मेसचा, आणि हिच्यांतहि जेथें विद्यार्थ्यांचीच समिति कारभार पाहते तेथील व्यवस्था समजून घेण्यासारखी असते. महिन्याचा एकंदर खर्च काढून, त्यास सर्वांच्या मिळून झालेल्या जेवणाच्या दिवसांनीं भागावयाचें, म्हणजे एका दिवसाचा दर निघतो. समजा, ४० सभासद ३० दिवस जेवले. म्हणजे १,२०० दिवस झाले. खर्च १,०८,००० रुपये आला, तर दर दिवसास ९० रुपये पडला. आतां कोणी गांवीं गेला तर तो आपला 'खाडा' लावतो, म्हणजे त्या दिवसांचे पैसे त्यास पडत नाहींत. येथवर ठीक आहे. पण आचाऱ्याचा पगार, भांडीं घासणाऱ्या बाईंचा पगार व जागेचें भाडें हीं खाड्यानें कमी होत नाहींत. वरील खर्चांपैकीं ३६,००० रुपये असे कायमचे आहेत असें धरूं. बाकीचे ७२,००० म्हणजे धान्य, भाजी व गॅस यांचे, दर दिवसास ६० रुपये. दहा सभासदांनीं प्रत्येकीं दहा दिवसांचा खाडा लावला, तर दिवस उरले १,१००. धान्य-भाजीचा खर्च ६६,०००, त्यांत कायमचे ३६,००० मिळून १,०२,०००. आणि दर झाला सुमारें ९३ रुपये. म्हणजे जे गांवीं गेले त्यांच्या वांटचा कांहीं भार जे राहिले त्यांच्यावर पडला. म्हणूनच निदान इतके दिवस सलग असल्यावांचून खाडा नाहीं, व तो आदल्या दिवशीं सांगितल्यावांचून धरला जाणार नाहीं, असे नियम बहुतेक ठिकाणीं असतात. नवीन मुलांस ह्या नियमांत मेसवाल्याचा लोभ दिसतो. हिशेब समजला म्हणजे तो दिसेनासा होतो. (क्वचित् प्रसंगीं लोभहि असतो, नाहीं असें नाहीं. पण हिशेब येणाऱ्या मुलालाच तो ओळखतां येतो.)

चवीची गोष्ट निराळी. कोंकणांतल्या मुलास भाताशिवाय जेवल्यासारखें वाटत नाहीं. सोलापूरकडील मुलास ज्वारीची कडक भाकरी हवी. खानदेशच्या मुलास तिखट कमी पडतें. पुण्याच्या मेसमध्यें ह्या तिघांपुढें एकच ताट येतें: दोन-तीन पोळ्या, पातळ आमटी, एक रस्साभाजी व मूठभर भात. रविवारीं सकाळीं फीस्ट असते, तिच्यांत गोडाचा एक पदार्थ वाढतात, आणि रात्रीं मेस बंद. ह्या रविवारच्या रात्रीची व्यवस्था जो आधीं करून ठेवीत नाहीं तो हातगाडीवर वडापाव खाऊन निजतो व सोमवारच्या पहिल्या तासास पोट धरून बसतो. पहिल्या पावसाळ्यांत मुलें आजारी पडतात त्यांतील पुष्कळांचें मूळ असल्या अवेळीं खाण्यांत व कोठलेंहि पाणी पिण्यांत असतें. भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे, घरचें मेतकूट किंवा चटणी यांचा एक डबा खोलींत ठेवावा. मिठाईपेक्षां तो फार उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट संकोचाची. गांधीजी लंडनमध्यें प्रथम ज्या घरीं राहिले तेथें पावाचे दोन-तीन तुकडे खाऊन ते उठत. भूक शिल्लक असे, पण आणखी मागण्यास त्यांस लाज वाटे. कित्येक दिवस अर्धपोटीं काढल्यावर भटकतां भटकतां त्यांस शाकाहारी उपाहारगृह सांपडलें, तेव्हां कोठें त्यांचा जीव थाऱ्यावर आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथील ज्या वसतिगृहांत ते प्रथम उतरले तेथील जेवण त्यांस रुचेना; त्यांनीं तें सोडलें, बिऱ्हाड बदललें, आणि शेवटीं लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना ह्या पारशी मित्रासह स्थिरावले. १९१५ सालीं ते एम. ए. झाले. आमच्या मुलांनीं ह्यांतून एवढेंच घ्यावें कीं, खानावळ किंवा खोली बदलणें म्हणजे पराभव नव्हे. अन्न मानवत नसेल तर पंधरा दिवस पाहावें, मेसच्या समितीस सांगावें, आणि तरीहि जमेना तर दुसरी पाहावी. जेवण बदलतां येतें. लोक मात्र जेवणास कंटाळून कॉलेजच बदलतात, हें उलटें आहे.

पैशाच्या बाबतींत एक लहानशी वही पुरे. दररोज निजण्यापूर्वीं दिवसाचा खर्च मांडावा. आतां मोबाइलवरून क्षणांत पैसे देतां येतात, त्यामुळें पाकीट हलकें झाल्याचें हातास कळत नाहीं. म्हणून वहीची गरज पूर्वींपेक्षां अधिक आहे. चहाचे दहा रुपये लिहिण्यासारखे नाहींत असें वाटतें. महिन्याच्या शेवटीं तेच लिहिण्यासारखे होते असें दिसून येतें. ज्यांस घरून पुरेसे पैसे येत नाहींत त्यांनीं 'कमवा व शिका' योजनेची चौकशी कॉलेजच्या कचेरींत करावी. रयत शिक्षण संस्थेनें साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजांत, जें १९४७ सालीं स्थापन झालें, ही पद्धत रूढ केली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतूनहि ती आहे. ग्रंथालयांत, बागेंत किंवा कचेरींत दिवसाचे कांहीं तास काम करावयाचें व त्याचा मोबदला घ्यावयाचा. त्यांत कमीपणा मानणारे विद्यार्थी आम्हांस भेटतात. आगरकर डेक्कन कॉलेजांत शिकत असतां त्यांच्याजवळ एकच सदरा होता व तो रात्रीं धुऊन सकाळीं ते घालीत, ही गोष्ट त्यांनीं ऐकलेली असते. परंतु ती भाषणांत सांगण्यासाठीं आहे अशी त्यांची समजूत दिसते.

आतां वर्गाकडे वळूं. शाळेंत साठ मुलें असत, येथें शंभर-सव्वाशें असतात. अध्यापक फळ्यावर थोडें लिहितात, पुष्कळ बोलतात, व तास संपतांच निघून जातात. शाळेप्रमाणें ते प्रश्नोत्तरें लिहून देत नाहींत. काय टिपून घ्यावें हें विद्यार्थ्यानें ठरवावयाचें असतें. त्यांतून ज्यांचें शिक्षण मराठींतून झालें आहे त्यांस इंग्रजी व्याख्यानाची भिंत आडवी येते. पहिल्या महिन्यांत अशा विद्यार्थ्यास वाटतें कीं आपणांस शास्त्रच समजत नाहीं. येथें थोडें थांबून विचार करावा. 'अ‍ॅक्सलरेशन' म्हणतांच जो गोंधळून जातो त्यानें 'त्वरण' शाळेंत शिकलेलें असतें, त्यावरचीं गणितेंहि सोडविलेलीं असतात. 'डेन्सिटी' म्हणजे घनता, 'डिस्प्लेसमेंट' म्हणजे विस्थापन. म्हणजे वस्तु ओळखीची आहे, तिचें नांव तेवढें अनोळखी आहे. एका वहींत डाव्या बाजूस मराठी व उजव्या बाजूस इंग्रजी संज्ञा लिहीत जावें. एका विषयाच्या मुख्य संज्ञा दोन-तीनशेंच्या आंत असतात, आणि रोज दहा घेतल्या तरी महिन्याभरांत त्या हाताखालीं येतात. उद्यां जो धडा होणार तो आज रात्रीं आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत एकदां वाचून जावा. मग इंग्रजी वाक्यांतील निम्मे शब्द सुटले तरी धागा तुटत नाहीं. म्हणून शाळेचीं पुस्तकें निकालाच्या दिवशींच रद्दींत घालूं नयेत, अशी आमची पालकांस खास सूचना आहे.

शंका विचारण्याचें काय? भरवर्गांत शंभर जणांपुढें मोडक्या इंग्रजींत उठून बोलण्याचें धैर्य पहिल्या महिन्यांत सर्वांस होत नाहीं, व त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तास संपल्यावर अध्यापकांस गांठून मराठींत विचारावें. बहुतेक अध्यापक आनंदानें सांगतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्यास एका कॉलेजांत "मराठी मीडियमवाल्यांनीं पाठीमागें बसावें" असें ऐकावें लागलें, तेंहि आम्हांस ठाऊक आहे. तो दुसऱ्या दिवशीं पहिल्या बांकावर जाऊन बसला. कॉर्नेलिया सोराबजी ह्या डेक्कन कॉलेजांत शिकत असतां त्या तेथील पहिल्या विद्यार्थिनी होत्या, आणि वर्गाचें दार त्यांच्या तोंडावर लावून घेणारे सहाध्यायी त्यांस भेटले. त्याच पुढें मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. दार लावणाऱ्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० प्रमाणें आतां अभ्यासक्रमाचें मोजमाप श्रेयांकांत होतें. एक श्रेयांक म्हणजे सत्रांत सुमारें १५ तासांचें व्याख्यान किंवा ३० तासांचें प्रात्यक्षिक. आणि एका सत्रांत साधारणपणें २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात. त्यांत कांहीं गुण लेखी परीक्षेचे व कांहीं सत्र चालू असतांनाच होणाऱ्या चांचण्यांचे, प्रकल्पांचे असतात. येथेंच पुष्कळ मुलें फसतात. शाळेंत मार्चच्या परीक्षेसाठीं जानेवारींत जागून भागतें. येथें ऑगस्टमधील चांचणी बुडाली तर ते गुण नोव्हेंबरांत भरून निघत नाहींत. हजेरीहि बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के भरावी लागते. म्हणजे दर चार तासांत एकच चुकवण्याची मुभा, आणि तीहि आजारपणासाठीं राखून ठेवलेली बरी.

ह्या ठिकाणीं लोकमान्य टिळकांचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं, कारण वसतिगृहांतील आळशी मंडळी तें नेहमीं घेतात. टिळक १८७३ सालीं डेक्कन कॉलेजांत आले, तेव्हां प्रकृति अशक्त असल्यामुळें त्यांनीं पहिलें वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यांत घालविलें, ही गोष्ट खरी आहे. परंतु तालीम, पोहणें व होडी वल्हविणें यांत तें वर्ष गेलें, अंथरुणांत लोळण्यांत गेलें नाहीं. आणि पुढें बी. ए. ची परीक्षा त्यांनीं पहिल्या वर्गांत दिली. ज्यास टिळकांचें पहिलें वर्ष हवें असेल त्यानें पहांटेची तालीमहि घ्यावी. तशी घेणारा आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

खोलीविषयीं थोडक्यांत सांगतों. दोन-तीन अनोळखी मुलें एका खोलींत आलीं कीं दिवा केव्हां मालवावा, खिडकी उघडी ठेवावी कीं नाहीं, फोनवर मोठ्यानें बोलावें कीं नाहीं, ह्या क्षुल्लक बाबींवरून कुरबुर होते. पहिल्याच आठवड्यांत ह्या गोष्टी तोंडानें बोलून ठरवाव्या. मनांत ठेवल्या म्हणजे त्या नासतात. खोलीसोबती हा जिवलग मित्र झालाच पाहिजे असें नाहीं. तो झाला तर भाग्य. आंबेडकरांचे नवल भथेना पुढेंहि अनेक वर्षें त्यांच्या अडीअडचणींत पैशाची मदत करीत राहिले. कपडे पावसांत वाळत नाहींत, म्हणून जाड पँटी दोन व पातळ कपडे अधिक न्यावे. कुलूप स्वतःचें न्यावें.

छळाची गोष्ट मात्र क्षुल्लक नव्हे. जुन्या विद्यार्थ्यांनीं नव्यांस नाचविणें, अपमानास्पद कामें करावयास लावणें, मारहाण करणें, ह्यास 'गंमत' म्हणण्याचे दिवस गेले. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें रॅगिंग हा गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास पांच वर्षें दुसऱ्या संस्थेंतहि प्रवेश मिळत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम सर्व देशांत लागू आहेत, आणि १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर केव्हांहि विनाशुल्क तक्रार करतां येते. हा क्रमांक मुलाजवळ असावा तसा पालकांजवळहि असावा. कारण ज्याचा छळ होतो तो पुष्कळदां स्वतः बोलत नाहीं.

शेवटीं पालकांशीं दोन शब्द. घरची आठवण मुलास दिवसा येत नाहीं. ती दिवेलागणीस येते, मेसचें ताट पुढें येतें तेव्हां येते, आणि गणपतीच्या दिवसांत फार येते. पूर्वीं आठवड्यास एक पोस्टकार्ड येई व तें चारदां वाचलें जाई. आतां फोन हातांत असल्यामुळें आई दिवसांतून तीनदां विचारते, "जेवलास का?" आणि मुलगा तीनदां "हो" म्हणतो, खरें असो वा नसो. त्यापेक्षां दिवसांतून एकदां, ठरलेल्या वेळीं, निवांत बोलावें. आणि काय जेवलास असें विचारावें, म्हणजे ताटांतल्या पदार्थांवरून त्याच्या दिवसाचा अंदाज येतो. पैसे थोडे असोत, पण महिन्याच्या ठराविक तारखेस पाठवावे. पहिल्या सहा आठवड्यांत दर शनिवारीं मुलास घरीं बोलावूं नये. ज्याचा एक पाय सतत एस.टी.त असतो त्याचा दुसरा वसतिगृहांत टेकत नाहीं. मात्र तो नीट झोपत नाहीं, जेवण टाकतो, फोन घेईनासा झाला आहे, असें दिसलें तर वाट न पाहतां स्वतः जाऊन भेटावें. तेथें वसतिगृहाच्या अधीक्षकांस भेटावें व मुलास घेऊन एक वेळ त्याच्याच मेसमध्यें जेवावें.

पहिल्या सत्राचा निकाल हातीं आला, एक-दोन विषय राहिले, तरी लगेच शेजारच्या मुलाचा दाखला देऊं नये. राहिलेला विषय पुढील परीक्षेंत सोडवितां येतो व तोंवर पुढील वर्गांत बसण्याची सोय ठराविक मर्यादेपर्यंत विद्यापीठांनीं ठेवलेली आहे. किती विषयांपर्यंत, हें त्या त्या कॉलेजच्या कचेरींत विचारून घ्यावें. तो कोणत्या विषयांत नापास झाला ह्यापेक्षां चांचण्या दिल्या होत्या कीं नाहीं, हजेरी किती होती, व खानावळींत किती खाडे लागले, हे तीन आंकडे आधीं मागावे. ते ठीक असतील तर त्यास परत पाठवावें, आणि दिवाळीनंतर जातांना फराळाचा डबा घरच्या मापानें न भरतां मोठा भरावा; वसतिगृहांत तो तीन खोल्यांस पुरावा लागतो.